क्षमेच्या महिन्यात स्वतःलाही क्षमा

रमजानचे तीन भाग मानण्याची परंपरा आहे. पहिले दहा दिवस रहमतीचे म्हणजे कृपेचे, मधले दहा मगफिरतीचे म्हणजे क्षमेचे आणि शेवटचे नरकापासून मुक्तीचे. या दिवसांत माणूस अल्लाहकडे क्षमा मागतो, रुसलेल्या नातलगांनाही माफ करतो. स्वतःला माफ करणे मात्र अनेकांना जमत नाही. आपल्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी किंवा अध्ययन अक्षमता आहे, हे ज्यांना उशिरा कळते त्या आईवडिलांना तर ते फारच जड जाते.

मूल दहा-बारा वर्षांचे झाल्यावर निदान होते. तोवर 'हट्टी', 'आळशी', 'वांड' अशी सारी विशेषणे त्याला चिकटलेली असतात. कुणी नजर उतरवलेली असते, शाळेतून तक्रारी आलेल्या असतात. मुलींच्या बाबतीत बऱ्याचदा आणखी उशीर होतो, कारण अनेक मुली इतरांचे पाहून वागायला शिकतात आणि त्यांची अडचण झाकली जाते. मग डॉक्टर अडचणीचे नाव सांगतात आणि आईला जुने फटके आठवू लागतात. अक्षर वाईट म्हणून दिलेले, मिक्सर लागताच कान झाकून ओरडला म्हणून दिलेले.

आईला दोषी धरण्याची ही सवय तज्ज्ञांनाही होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर आईच्या थंड वागण्यामुळे ऑटिझम होतो, असे पाश्चात्त्य देशांत मानले जाई. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून या समजुतीला आव्हान दिले. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. मेंदूची घडणच वेगळी असते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि संगोपन हे त्याचे कारण नसते, हे आज मान्य झाले आहे.

स्वतःविषयीच्या करुणेवर संशोधन करणाऱ्या क्रिस्टिन नेफ यांचा मुलगाही ऑटिस्टिक आहे. अशा मुलांच्या पालकांचा त्यांनी सहकाऱ्यासह अभ्यास केला. तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःशी मायेने वागणारे पालक अधिक समाधानी व आशावादी आढळले आणि मुलाच्या अडचणी किती तीव्र आहेत, यापेक्षाही या मायेचा संबंध त्यांच्या समाधानाशी अधिक होता.

पण स्वतःला क्षमा करणे म्हणजे झाले ते विसरणे नव्हे. इस्लाममधील तौबा येथे वाट दाखवते. चूक सोडणे, तिचा पश्चात्ताप होणे, ती पुन्हा न करण्याचा निश्चय करणे आणि कुणाचा हक्क दुखावला असेल तर त्याच्याकडून माफी घेणे. म्हणून पहिली माफी मुलाकडे मागायची. 'मला तेव्हा कळलं नव्हतं, बाळा' एवढे म्हटले तरी पुरते. त्यानंतर मात्र रहमतीवर विश्वास ठेवून ओझे खाली ठेवायचे. रहमतीविषयी निराश होणे इस्लामला मान्य नाही.

धर्मात सवलतींनाही जागा आहे. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. आजारी व्यक्तीला सूट आहे. मूल रडताना ऐकू आले की त्याच्या आईला त्रास नको म्हणून पैगंबर नमाज आटोपती घेत, असे हदीसमध्ये आहे. सहरी, इफ्तार, तरावीह यांनी घराचे वेळापत्रक बदलते. ठरलेल्या क्रमावर विसंबणारी मुले त्याने बिथरतात. बदल आधी चित्रे काढून सांगावा. इफ्तारच्या गर्दीत त्याच्यासाठी एक शांत कोपरा ठेवावा. ईदचा जरीचा कुर्ता टोचत असेल तर जुना, मऊ सदरा चालेल. तरावीहला एक दिवस आई, एक दिवस बाबा गेले तरी हरकत नाही.

सरकारी वाटाही आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. उशिरा झालेल्या निदानाचाही उपयोग होतो, तो असा.

शेजाऱ्यांचाही यात वाटा आहे. ईदला शीरखुर्म्यासाठी गेल्यावर त्या घरचे मूल सलाम न करता आत निघून गेले, तर 'वळण लावलं नाही वाटतं' असे म्हणू नये. त्या आईने हे वाक्य स्वतःलाच पुष्कळदा ऐकवलेले असते.