खाऱ्या पाण्याचा टँक दुधासारखा पांढरा झाला तर?

आजचा एपिसोड कोडिंगवर नाही, माशांवर आहे. मागे बोलता बोलता मी सांगितलं होतं की बाळकुमच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन फुटांचा, साधारण ९० लिटरचा समुद्री टँक आहे. त्यात दोन क्लाउनफिश होते. होते म्हणतोय, कारण आता एकच आहे. तोच किस्सा आज.

गणपतीला पाच दिवस गावाला गेलो. माशांना खायला घालायचं काम शेजारच्या काकूंच्या मुलाकडे दिलं. पोरगं बिचारं प्रेमाने दिवसातून तीन-तीनदा घालत होतं. परत आलो तर टँक म्हणजे दूध घातलेलं पाणी. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते.

आता मी काय केलं ऐका. निम्मं पाणी बदललं आणि फिल्टरचे स्पंज बेसिनच्या नळाखाली घासून घासून धुतले. रविवारी पाणी जरा स्वच्छ दिसलं, मी खूश. सोमवारी परत पांढरं, आदल्यापेक्षा जास्त. मंगळवारी सकाळी एक मासा गेला. त्यानंतर मी अमोनियाची टेस्ट केली, जी शनिवारीच करायला हवी होती. पिवळी राहायला पाहिजे ती नळी हिरवी.

झालं काय होतं? उरलेलं खाणं कुजलं आणि त्यावर जगणारे बॅक्टेरिया पाण्यात बेसुमार वाढले. तो पांढरेपणा म्हणजे खरं तर तेच. हे काही तासांत दुप्पट होतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खातात, म्हणून मासे वर येतात. अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वेगळे. ते दगडांवर आणि स्पंजमध्ये चिकटून राहतात आणि दुप्पट व्हायला त्यांना जवळपास अख्खा दिवस लागतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. म्हणजे नळाखाली स्पंज धुऊन मी नेमकी कामाची टीम काढून टाकली. प्रॉडक्शनवर शुक्रवारी संध्याकाळी केलेला डिलीट, दुसरं काय! त्यात समुद्री पाण्याचा पीएच ८ च्या वर असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो.

पण प्रत्येक पांढरं पाणी बॅक्टेरियाचंच असतं असं नाही. म्हणून डीबगिंगची सुरुवात एका काचेच्या ग्लासपासून करा. टँकमधलं पाणी ग्लासात भरा आणि हलवू नका. दोन-तीन मिनिटांत खालून वर निवळत गेलं तर ते बारीक बुडबुडे आहेत. पंप कुठेतरी हवा ओढतोय, किंवा त्याच्या कप्प्यातलं पाणी कमी झालंय. काही तासांनी तळाशी गाळ बसला तर वाळूची धूळ, नवीन टँकमध्ये हे हमखास होतं. बसलाच नाही तर थोडं पाणी वेगळं घेऊन त्यात पांढरं व्हिनेगर घाला. धूसरपणा विरघळून गेला तर तो कॅल्शियम कार्बोनेट. अल्कलिनिटी आणि कॅल्शियमची औषधं एकापाठोपाठ ओतली की हे होतं. मीठ आधी टाकून वरून पाणी ओतलं तरी होतं. उलटं करायचं, पाण्यात मीठ. आणि व्हिनेगर ग्लासातच हं, टँकमध्ये नाही! व्हिनेगरनेही फरक पडला नाही तर बॅक्टेरियाच धरा. हिरवट पाणी हा वेगळा विषय, ते शेवाळ. लाइट कमी करा आणि नायट्रेट-फॉस्फेट तपासा.

बॅक्टेरिया असतील तर पहिली गोष्ट हवा. एअर पंप लावा, पंपाचं तोंड वर करून पृष्ठभाग हलता ठेवा, स्किमर असेल तर चालू. ठाण्याच्या उन्हाळ्यात पाणी सहज ३० अंशांवर जातं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो, तेव्हा तर आणखी घाई करा. दोन-तीन दिवस खाणं बंद. मोठ्या माशांना काही होत नाही, आईला मात्र हे पटवणं अवघड आहे. दगडामागे मेलेली गोगलगाय किंवा मासा आहे का बघा. अमोनिया दिसला तर २० टक्के पाणी बदला, आरओच्या पाण्यात मीठ कालवून, क्षारता १.०२५ च्या आसपास आणि तापमान टँकइतकंच ठेवून. दुसऱ्या दिवशी परत टेस्ट. स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यात हलका पिळा.

अजून एक. ‘लवकर स्थिर होतो’ म्हणून कोणी समुद्रातून काढलेले जिवंत दगड किंवा प्रवाळ विकायला आला तर घेऊ नका. प्रवाळ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कोरडे दगड घ्या आणि टँक मुरायला चार ते सहा आठवडे द्या.

शाळेच्या सहलीत मरिन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं, तेव्हापासून मला हे वेड आहे. तिथले मोठे टँक बघून वाटलं होतं, छोटा सांभाळणं सोपं असेल. उलट आहे. पाणी जितकं कमी, तितकी चूक लवकर अंगावर येते.

माझ्या टँकचं पाणी निवळायला आठ दिवस लागले. उरलेला क्लाउनफिश आता नीट खातोय. त्याला जोडीदार आणायचाय, पण अमोनिया महिनाभर शून्य राहिला तरच. आणि पुढच्या गणपतीला प्रत्येक दिवसाची वेगळी पुडी बांधून ठेवणार, वर तारीख लिहून.

चला, पुढच्या आठवड्यात परत कोडिंग. भेटू!