दाढेची भेग आणि धातूची सावली

दांत दुखूं लागला म्हणजे तो किडला असेल, हा आपला पहिला तर्क. परंतु एक दुखणें असें आहे कीं, त्यांत दांत वरून धडधाकट दिसतो आणि आंत त्याचें मूळ उभें चिरलेलें असतें. नस काढून मूळ भरलेल्या दाढेला हें पुष्कळदां होतें. चावतांना किंचित् कळ येते, हिरडीवर पुळी येते नि जाते. घरचीं माणसें लवंगेच्या तेलावर महिने काढतात. इकडे भेगेंतून जंतु शिरून भोंवतालचें हाड झिजत असतें. उभी भेग सांधतां येत नाहीं. बहुधा दाढ काढावीच लागते. म्हणून येथें निदान चुकून चालत नाहीं.

१८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षीं दांतांचीं छायाचित्रें निघूं लागलीं. पण छायाचित्र सपाट. बंद पुस्तकाच्या पानांमधली फट कडेनेंच दिसते, पुठ्ठ्यावरून नव्हे. तसे किरण भेगेच्या पातळींतून गेले तरच तिची रेघ उमटते. ‘कोन-बीम सीटी’नें ही अडचण बरीच दूर केली. यंत्र डोक्याभोंवतीं फिरून शेंकडों छाया टिपतें व गणकयंत्र त्यांतून जबड्याची घनाकृति रचतें. कलिंगड हवें तेथें कापावें, तशी ती कोठेंहि छेदून पाहतां येते. मात्र आकृतीचा एकेक कण साधारणतः ०.१ ते ०.४ मिलिमीटरचा, त्याहून बारीक भेग येथेंहि निसटूं शकते.

खरी पंचाईत शेजारीं ‘इम्प्लांट’ असला म्हणजे होते. हा गेलेल्या दांताच्या जागीं हाडांत बसविलेला, बहुधा टायटॅनियमचा, खुंट. ब्रोनेमार्क यांनीं स्वीडनमध्यें १९६५ सालीं रोग्यास असे खुंट प्रथम बसविले. धातु अशक्त किरण गिळून टाकतो, सशक्त तेवढे पार जातात; गणकयंत्राचा हिशेब फसतो आणि चित्रांत काळे पट्टे व पांढरे फटकारे निघतात. झिर्कोनियाच्या खुंटाचे तर अधिकच. काळा पट्टा शेजारच्या मुळावर पडला तर हुबेहूब भेग वाटते, आणि पांढऱ्या फटकाऱ्याखालीं खरी भेग लपते. म्हणजे निरोगी दाढ जावयाची, किंवा रोगी राहून इम्प्लांटाचेंहि हाड खावयाची! फटकारे पुसण्याची सोय कांहीं यंत्रांत असते. तिनें चित्र सुबक होतें, पण भेग ओळखण्यास तिचा फायदा बऱ्याच प्रयोगांत दिसलेला नाहीं. सुबक चित्रावर माझा तरी चटकन् विश्वास बसत नाहीं.

जाणकार आधीं रेघेची दिशा पाहतो. पट्टा धातूच्या रोंखानें पसरतो व पुष्कळदां मुळाची हद्द ओलांडतो. खरी भेग मुळांतच राहते, एकामागून एक छेदांत सलग सांपडते आणि तिच्या कडेनें हाड झिजलेलें असतें. हिरडींत बारीक सळई घातली तर ती त्याच एका जागीं खोल जाते. अशा चित्रास साध्या छायाचित्राहून किरण अधिक लागतात, तेव्हां तें उठल्यासुटल्या काढूं नये आणि काढलें तर जबड्याचा लागेल तेवढाच भाग घ्यावा. इतकें करूनहि पुरावे जुळले नाहींत, तर दाढ काढण्यापूर्वीं हिरडी उचलून मूळ भिंगाखालीं प्रत्यक्ष पाहतात. निळें रंगद्रव्य लावलें कीं तें भेगेंत शिरतें आणि रेघ उघडी पडते.