लांकडाची धूळ आणि हवेचा ओघ

सुतारकामाचा छंद उत्तम, यांत संशय नाहीं. हाताला वळण लागतें आणि घराला उपयोगी वस्तु मिळतात. परंतु हातकरवतीचा जो भुसा पायाशीं पडत असे, तो विजेचीं यंत्रें घरांत आल्यापासून हवेंत उडूं लागला आहे. आणि घरांतील कामाच्या खोलीची हवा शेजारच्या खोल्यांतहि जातेच. म्हणून धूळ ओढून घेणारें यंत्र कसें निवडावें, हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नसून आरोग्याचा आहे.

लांकडाची धूळ दोन प्रकारची असते. ढलप्या व जाड भुसा जड असल्यामुळें खालीं पडतात. ते केरसुणीनेंहि निघतात. खरा शत्रु डोळ्यांना न दिसणारा आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. मनुष्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून बारीक कण बराच वेळ हवेंत तरंगतात व श्वासाबरोबर छातींत उतरूं शकतात. सागवान व शिसव यांच्या धुळीनें कित्येकांच्या कातडीस खाज सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें तर १९९५ सालीं लांकडाची धूळ मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत गणली. हा रोग मुख्यतः नाकाच्या पोकळींत होतो आणि तो दीर्घकाळ धुळींत काम करणारांत आढळला आहे.

दुकानांत गिऱ्हाईक प्रथम मोटारीची अश्वशक्ति विचारतो. निर्णायक गोष्ट मात्र हवेचा ओघ ही आहे. म्हणजे यंत्र मिनिटाला किती घनफूट हवा ओढतें, ही. आंकडा ताशीं घनमीटरांत असेल तर त्यास १.७ नें भागावें. वेष्टनावरील आंकडा बहुधा नळ व गाळणी न जोडतां मोजलेला असतो. प्रत्यक्ष जोडणींत तो पुष्कळदा निम्म्यावर येतो.

आतां नळाचा हिशेब. भुसा वाटेंत न साचतां वाहत राहावा, यासाठीं हवेचा वेग मिनिटास सुमारें ४,००० फूट लागतो. ४ इंची नळाच्या तोंडाचें क्षेत्रफळ ०.०८७ चौरस फूट. तेव्हां त्यांतून या वेगानें ३५० घनफूट हवा जाते. ६ इंची नळांतून सुमारें ७८५, म्हणजे सव्वादोन पट! लहान नळास मोठी मोटार जोडून हें साधत नाहीं; कारण त्याच नळांतून ओघ दुप्पट करावयाचा तर दाब चौपट लागतो. उलट, दुबळ्या यंत्रास रुंद नळ जोडला तर वेग मंदावून भुसा आंत साचतो.

यावरून निवड सोपी होते. गोल करवतीचा नुसता भुसा उचलावयाचा असेल तर ४ इंची नळ आणि वेष्टनावर ७०० ते ८०० घनफूट लिहिलेलें यंत्र पुरतें. बारीक धूळहि पकडावयाची असेल तर नळ ६ इंची हवा आणि छापील आंकडा १,५०० च्या पुढचा हवा. करवत व रंधायंत्र दोन्ही असल्यास प्रत्येक फाट्यावर झडप बसवावी व एका वेळीं एकच उघडावी. नळ आंखूड व गुळगुळीत असावा. वांकणें थोडीं असावींत. वळ्यांची लवचिक नळी शेवटच्या हातभर अंतरापुरतीच वापरावी. हातांत धरून चालविण्याच्या घासयंत्रास मात्र अरुंद नळीचें, जोरदार ओढीचें लहान यंत्रच योग्य.

शेवटीं गाळणी. ३० मायक्रॉनच्या कापडी पिशवींतून जाड भुसा अडतो, पण घातक धूळ पार होते; मग पंखाच ती घरभर पसरवितो. गाळणी १ मायक्रॉनपर्यंतचे कण अडविणारी घ्यावी आणि वरचेवर झाडावी, कारण ती तुंबली कीं ओघ घटतो. शक्य असल्यास यंत्राची हवा खोलीबाहेरच सोडावी.

इतकें करूनहि कांहीं धूळ उरतेच. म्हणून काम करतांना नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा असावा, आणि काम संपल्यावरहि यंत्र थोडा वेळ चालूं ठेवावें. फरशी स्वच्छ दिसली म्हणजे हवा स्वच्छ झाली, असें समजूं नये.