सायकलचे माप : आपल्या देहास अनुरूप फ्रेम कशी निवडावी

आपण व्यापारी मंडळी. माप हा आपल्या व्यवसायाचा पाया होय. कापड मीटरने, धान्य किलोने, सोने मिलिग्रॅमपर्यंत काटेकोर मोजून देणारे आपण, स्वतःसाठी वा मुलांसाठी सायकल घ्यावयास निघालो म्हणजे मात्र मोजण्याचे सर्वस्वी विसरतो. रंग पाहतो, गिअर मोजतो, किंमत कमी करून घेतो. पण ज्या देहाने ती चालवावयाची त्या देहाचे माप कोणी घेत नाही. सांप्रत आपल्या भोपाळात मोठ्या तलावाच्या काठाने पहाटे सायकल चालविणाऱ्या तरुणांत आपल्या कुटुंबांतील मुलेमुलीही दिसू लागली आहेत. यास्तव, वाकड्या हॅण्डलच्या हलक्या शर्यती सायकलची, म्हणजे रोड बाईकची, फ्रेम कशी निवडावी याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम घरातलाच अनुभव सांगतो. माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने अशी सायकल घेतली. दुकानात एकच नग शिल्लक होता व त्यावर सूट होती. फ्रेम ५८ सेंटिमीटरची. मुलाची उंची बेताची. "सीट खाली केली की बसेल," असे सांगण्यात आले आणि आम्हीही मान डोलावली. तीन महिन्यांत त्याची मान अवघडू लागली, तळहात बधिर होऊ लागले, आणि पुढे गुडघ्यानेही तक्रार मांडली. आज ती सायकल जिन्याखाली उभी आहे. नंतर माप घेतले तेव्हा कळले की, त्याला ५२ ची फ्रेम हवी होती. सूट मिळाली खरी, पण बाकीची सारी रक्कम वाया गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाचा उत्साह गेला.

मापाकडे हे दुर्लक्ष आपल्याकडे जुनेच आहे. आपल्या वाडवडिलांच्या काळ्या सायकली बहुधा २२ किंवा २४ इंची फ्रेमच्या असत. २४ इंच म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर. सहा फुटांहून उंच माणसास शोभेल असे हे माप. घरात सायकल एकच, आणि तीवरच शाळकरी मुलेही शिकत. सीटवर बसणे अशक्य, म्हणून फ्रेमच्या त्रिकोणातून पाय घालून उभ्याने पायडल मारावयाचे. इकडे त्यास 'कैंची' म्हणतात, महाराष्ट्रात 'हाफ पायडल'. त्या आठवणी गोड खऱ्या. परंतु देहाने सायकलशी जुळवून घ्यावयाचे, सायकलने देहाशी नव्हे, हा उलटा धडा आपण तेथेच शिकलो.

सीट खालीवर केली म्हणजे कोणतीही सायकल कोणासही चालते, हा समज अर्धाच खरा आहे. २०१७ च्या जून महिन्यात भोपाळात सार्वजनिक भाडे-सायकलींची योजना सुरू झाली, तेव्हा तीत ५०० सायकली व ५० थांबे होते. अशा योजनांत साऱ्यांसाठी एकाच मापाची फ्रेम असते आणि प्रत्येकाने सीट आपल्यापुरती सरकवून घ्यावयाची असते. चार-दोन किलोमीटर ताठ बसून जावयाचे असेल तर ते पुरते. रोड बाईकची गोष्ट निराळी. तीवर स्वार कमरेतून पुढे वाकतो आणि देहाचा भार सीट, पायडल व हॅण्डल या तीन ठिकाणी वाटला जातो. भोपाळहून भोजपूरला जाऊन, तेथील भगवान शांतिनाथांच्या उंच मूर्तीचे दर्शन घेऊन परतावयाचे तर सुमारे ६० किलोमीटर होतात. ताशी २४ किलोमीटरच्या वेगाने हे अडीच तासांचे काम. मिनिटास ८० फेरे धरले तर तेवढ्या वेळात प्रत्येक गुडघा १२,००० वेळा वाकतो व सरळ होतो. दुकानात दोन मिनिटे बसून पाहताना न जाणवणारी दोन सेंटिमीटरची चूक बारा हजार वेळा घडली म्हणजे दुखणे होऊन बसते. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या चमूने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. असल्या प्रवासात स्नायूंइतकेच महत्त्व देह व सायकल यांच्या मेळास असते.

आता प्रत्यक्ष मापाकडे वळू. पहिले व मुख्य माप म्हणजे पायाची आतील लांबी. अनवाणी, भिंतीस पाठ लावून, पावलांत वीतभर अंतर ठेवून ताठ उभे राहावे. जाड पुठ्ठ्याची एखादी हिशेबाची वही पायांमध्ये धरून तिची कडा सीटवर बसल्याप्रमाणे घट्ट वर दाबावी. वही भिंतीशी काटकोनात असावी. दुसऱ्याने वहीच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. असे तीनदा करून सरासरी घ्यावी. पँटची आतली शिवण मोजून हे काम होत नाही.

या मापास ०.६७ ने गुणिले असता पारंपरिक फ्रेमचे माप मिळते. ते पायडलांच्या मधल्या आसाच्या केंद्रापासून सीटखालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे असते. तेच माप ०.८८३ ने गुणिले की त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते. ही गणिते १९८० नंतरच्या दशकात अमेरिकी विजेते ग्रेग लेमाँड यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. उदाहरणार्थ, लांबी ८० सेंटिमीटर असेल तर फ्रेम सुमारे ५३.६ व सीटची उंची सुमारे ७०.६ सेंटिमीटर, लांबी ७४ असेल तर फ्रेम सुमारे ४९.६ व सीट सुमारे ६५.३. हा ठोकताळा आहे, शिलालेख नव्हे. शोध कोठून आरंभावा एवढेच तो सांगतो.

दुसरी गोष्ट फ्रेमच्या लांबीची. दोन माणसांची उंची सारखी असूनही एकाचे पाय लांब तर दुसऱ्याचे धड लांब असते. सीटची उंची सहज बदलता येते. पण सीटपासून हॅण्डलपर्यंतची पोच मुख्यतः फ्रेमच ठरविते. हॅण्डल धरणारा आखूड दांडा, ज्यास स्टेम म्हणतात, तो बदलून एक-दोन सेंटिमीटरचा फरक साधतो. त्याहून अधिक ओढाताण केल्यास सायकलचे वळणे बिघडते. म्हणून उंचीवरून वा स्त्री-पुरुष भेदावरून अंदाज न बांधता ज्याचे त्याचे पाय, धड व हात मोजावेत.

तिसरी गोष्ट लेबलाची. पूर्वी फ्रेमची दांडी जमिनीस समांतर असे, म्हणून एका आकड्यावर भागत असे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात उतरत्या दांडीच्या फ्रेमा रूढ झाल्या आणि उभी नळी आखूड झाली. आता एका कंपनीचा 'मध्यम' दुसऱ्या कंपनीच्या 'मध्यम'शी जुळेलच असे नाही. यास्तव कंपनीच्या कोष्टकातील 'स्टॅक' व 'रीच' हे दोन आकडे मागून घ्यावेत. पायडलांच्या आसापासून हॅण्डलच्या नळीचे डोके किती उंच आहे ते स्टॅक, आणि किती पुढे आहे ते रीच. भिन्न कंपन्यांच्या फ्रेमांची तुलना याच दोन आकड्यांनी खरी होते.

सायकल हाती आली की या परीक्षा कराव्यात. दांडीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यास देह व दांडी यांत दोन-तीन सेंटिमीटर तरी अंतर राहावे. दांडी उतरती असल्यास ते अधिक असेल. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय जेमतेम सरळ व्हावा; मग चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. हॅण्डल धरल्यावर कोपर जरासे वाकलेले व खांदे सैल असावेत. पुढे गुडघ्याची पुढची बाजू दुखू लागली तर सीट बहुधा फार खाली असते. मागची दुखली तर फार वर. हात बधिर झाले वा मान आखडली तर पोच लांब पडते, असा संशय घ्यावा. सीटचा दांडा वर घेताना त्यावरील मर्यादेची खूण नळीबाहेर दिसू देऊ नये. दांडा मोडून अपघात होतो.

दोन मापांच्या मध्ये देह पडत असेल तर सामान्यतः लहान फ्रेम घ्यावी. लहान फ्रेमवर सीट वर घेता येते व स्टेम लांब बसविता येतो. मोठी फ्रेम कापून लहान करता येत नाही. "पुढल्या वर्षी उंच होईल" म्हणून मुलास मोठी सायकल घेऊन देणे ही काटकसर नव्हे. पाय जमिनीस न टेकणारी सायकल आजच धोक्याची आहे.

शेवटी आपल्या पेढीवरची एक गोष्ट. खोटी मापे वापरणे हा आपल्या शास्त्रकारांनी अचौर्य अणुव्रताचा अतिचार गणला आहे. तराजूत आपण ती काळजी घेतोच. परंतु गिऱ्हाइकास बसत नाही हे ठाऊक असून, नग शिल्लक आहे म्हणून तो गळ्यात घालणे, हेही मापातलेच पाप नव्हे काय? आपल्यापैकी जे बंधू सायकलींचा व्यापार करतात त्यांनी दुकानात भिंतीवर एक मोजपट्टी लावावी, आणि योग्य फ्रेम नसेल तर "आज नाही, मागवून देतो" असे म्हणावे. एखादी विक्री लांबेल. पण ते गिऱ्हाईक पुढे मुलांसही त्याच दुकानी घेऊन येईल. आणि आपण स्वतः गिऱ्हाईक होऊन जाल तेव्हा आपले माप कागदावर लिहून खिशात ठेवा. किंमत विचारण्यापूर्वी तो कागद पुढे करा.