बैलगाडीचे चाक : आकार, रुंदी आणि भार

टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात उसाचे क्षेत्र वाढले. गळीत हंगामात वांगी येथील सोनहिरा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात ट्रॅक्टरच्या बरोबरीने बैलगाड्याही दिसतात. या गाड्यांना आता बहुधा हवेचे टायर असतात. लाकडी चाक मागे पडले. पण ते निरुपयोगी होते म्हणून नव्हे.

जुन्या गाडीचे चाक सुमारे चार ते पाच फूट उंच असे. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, त्यांवर जोडलेले पाटे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. लाकूड बहुधा बाभळीचे. धाव तापवली म्हणजे प्रसरण पावते. ती चाकावर बसवून पाणी ओतताच आकसते आणि सांधे घट्ट होतात. सुतार आणि लोहार या दोघांच्या कौशल्याचा हा मिलाफ होता.

चाक एवढे मोठे ठेवण्यात हिशेब होता. वाटेत धोंडा आला असता लहान चाक त्यावर जवळजवळ समोरून आदळते, मोठे चाक तिरपे चढून जाते. त्यामुळे खडकाळ पाणंदीत बैलांना कमी हिसके बसतात. धाव मात्र अरुंद. चिखल उथळ असेल तर ती चिखल कापून खालच्या कठीण थरावर टेकते. हाच गुण डांबरी सडकेवर दोष ठरतो. सडक उखडते, आणि मऊ रानात भार थोड्या जागेवर पडून चाक रुतते. चाकोरी हा शब्द मराठीला या अरुंद चाकानेच दिला आहे.

टायरचे चाक साधारण अडीच ते तीन फुटांचे. उंचीत उणे पडले तरी रुंदीमुळे भार पसरतो, हवेमुळे धक्के शोषले जातात आणि बेअरिंगमुळे आसावरील घर्षण घटते. पक्क्या रस्त्यावर त्याची बरोबरी लाकडी चाक करू शकत नाही. परंतु हवा कमी असलेला टायर बैलांवर ओझे वाढवतो, आणि झिजलेला गुळगुळीत टायर काळ्या मातीच्या चिखलात घसरतो. चाक बदलताना साटीची उंचीही पाहिली पाहिजे. साटी फार खाली आली तर जुवाचा कोन बिघडतो. माल मागे सरकला तर गाडी उलाळ होते, पुढे सरकला तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो.

चाक आणि भार यांचा संबंध कायद्यानेही मानला आहे. भारवाहू जनावरांसंबंधीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांत मध्यम बैलासाठी दोन चाकी गाडीची मर्यादा टायर नसल्यास 700 किलो, टायर असल्यास 1050 किलो आणि बॉल बेअरिंग असल्यास 1400 किलो आहे; जोडीसाठी ती दुप्पट होते. यात गाडीचे वजनही धरावयाचे असते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. पाच क्विंटलच्या टायरगाडीला बेअरिंग असेल तर मध्यम बैलांच्या जोडीकरिता उसाला तेवीस क्विंटल उरतात. बेअरिंग नसेल तर सोळाच. किमान एक किलोमीटरची, तीस मीटरला तीन मीटरहून अधिक अशी चढण असेल तर मर्यादा निम्म्यावर येते. चाक हलके फिरते म्हणून मोळ्या वाढवत जाणे या नियमात बसत नाही.

देवराष्ट्रे, सागरेश्वर या डोंगराळ भागात चढापेक्षा उतार अधिक धोक्याचा. लाकडी चाकाच्या आसावरील घर्षण काही वेग आपोआप रोखत असे. टायरगाडी सहज धावते, आणि तिला रोधक नसेल तर सर्व रेटा बैलांनाच मागे झेलावा लागतो. ऊस रात्रीही वाहिला जातो. म्हणून हंगामापूर्वी गाड्यांची तपासणी करताना टायरमधील हवा व बेअरिंगमधील वंगण यांबरोबर रोधक आणि मागील बाजूचा परावर्तक ग्रामपंचायतीने व कारखान्याच्या शेती विभागाने अवश्य पाहावा.