गाडीचा पत्रा आतून सडतो, वरच्या रंगावर जाऊ नका



आज बोलूया आपल्या डिलिव्हरीच्या गाडीबद्दल. भांडवल म्हणून आपण मशीन जपतो, माल जपतो, पण गाडी खालून कधी बघतच नाही.

माझीच चूक सांगतो. दुकानासाठी जुना छोटा टेम्पो घेतला आणि जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, खालून काळं अंडरबॉडी कोटिंग मारून घेतलं. वाटलं, काळजी मिटली. तिसऱ्या वर्षी गणपतीच्या तोंडावर दाराच्या तळाशी अंगठा दाबला, तर अंगठा थेट आत! बाहेरचा रंग मात्र चकाचक. ऐन सीझनला गाडी ६ दिवस डेंटिंगला उभी आणि माल भाड्याच्या गाडीने पोचवावा लागला.

असं का झालं?

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. त्यात मीठ असेल तर आणखी जोरात. म्हणून कोकणपट्टीत आणि मासळीच्या गाड्यांना हा त्रास जास्त. दारं, दारांखालची लांब पेटी, चॅसीचे काही भाग आतून पोकळ असतात. काचेच्या रबरातून दारात पाणी उतरतंच. ते निघून जावं म्हणून तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. माझ्या गाडीत ती धुळीने आणि त्या कोटिंगनेच बुजली होती. शिवाय ओल्या, गंजलेल्या चॅसीवर कोटिंग मारल्यामुळे ओल आतच कोंडली. वरून काळा थर, खाली पापुद्रे.

मग करायचं काय?

१. भोकं मोकळी ठेवा. प्रत्येक सर्व्हिसिंगला प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा. लोखंडी तार नको, रंग खरवडतो. काचेवर पाणी ओता. दाराखालून ते बाहेर आलं पाहिजे.

२. गाडी खालून धुवा. मडगार्डच्या आतल्या कडेला चिखल साठतो आणि दिवसेंदिवस ओला राहतो. खारा माल वाहिला असेल तर त्याच दिवशी गोडं पाणी मारा.

३. पोकळ भागात कॅव्हिटी वॅक्स मारा. लांब बारीक नळीने, असलेल्या भोकांतूनच ते आत फवारतात. ते सांध्यांत झिरपतं आणि पाणी पत्र्याला लागू देत नाही. नंतर भोकं पुन्हा तपासा. जळकं ऑइल मारू नका. रबर खराब होतं आणि ब्रेकवर उडालं तर जीवाशी खेळ.

४. कोटिंग एप्रिल-मेमध्येच करा. आधी सुटा गंज घासून काढायचा, गाडी पूर्ण वाळवायची, प्रायमर मारायचा, मग कोटिंग. सायलेन्सर, ब्रेक आणि पाणी जायची भोकं झाकायला सांगा आणि समोर उभे राहा.

५. वेल्डिंग झालं की आतून वॅक्स हवंच. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो. बाहेर नवा रंग लागतो, आत पत्रा उघडाच राहतो. पुढच्या वेळी तिथूनच सडतो.

आता हिशोब बघा. गंज ही झीज धरली जाते, त्यामुळे विम्यातून पैसे मिळत नाहीत. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग असतं, तिथे सडलेली चॅसी महागात पडते. आणि मजुरीपेक्षा मोठा खर्च म्हणजे उभी गाडी: माल उशिरा गेला की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं.

जुनी गाडी घेताना चुंबक खिशात ठेवा. पातळ कापडात गुंडाळून दाराच्या तळाला लावा. जिथे धरत नाही, तिथे रंगाखाली जाड पुट्टी असू शकते. भाव तिथूनच सुरू करा.

या रविवारी एवढंच करा: चारही बाजूंनी खाली वाकून बघा, दारांच्या तळाशी अंगठा दाबा, भोकं मोकळी करा. खर्च शून्य. भेटूया पुढच्या विषयात!