पिंपल्सचं क्रीम 'टेस्ट' कसं करायचं?

पंचविशी उलटली तरी पिंपल्स येतायत? आजचा एपिसोड त्यावरच. मी लालबागचा, धंद्याने सॉफ्टवेअरवाला, म्हणून क्रीमही कोडसारखं तपासतो : एका वेळी एकच बदल.

फेसवॉश, सिरम, जेल सगळं एकदम सुरू केलं तर गुण कशाचा आला हे कळणारच नाही. मी फक्त २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल घेतलं. ते पिंपल्सचे जंतू मारतं. टक्का वाढवला की फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. आधी जबड्याखाली थोडंसं लावून बघा. रंगीत टॉवेल लांब ठेवा, त्याचा रंग उडतो. आणि ८ आठवडे धीर धरा.

४ दिवसांत चेहरा साफ करणारी ट्यूब मिळाली? मागचं बारीक अक्षर वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. लाली दबते, पण पुढे त्यानेच पिंपल्स येतात, त्वचा पातळ होते. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली, ती उगाच नाही. आधीपासून लावत असाल, तर बंद कसं करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

दुखऱ्या गाठी असतील तर प्रयोग नकोच. परळला केईएमची त्वचारोग ओपीडी आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!